मुठीच्या आत

मध्ययुगीन युरोपातल्या सरदाराची वाटावी अशी सरळ, दुधारी तलवार ऑनलाइन स्वस्तात घेतली. प्लास्टिकची मूठ बदलायची म्हणून टोकाचा गोळा पिळून काढला. अस्सल तलवारीत पातं आणि मुठीतला भाग सलग एकाच पोलादाचा असतो. इथे पात्याला वेल्ड केलेली, पेन्सिलीएवढी, आटे पाडलेली सळई!

मागच्याच रविवारी भाच्यासमोर मी हीच गरागरा फिरवली होती. वेल्ड तुटला असता तर... दोन दिवस हात लावला नाही.

मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पात्याची भडक चकाकी उतरवली. व्हिनेगरने काळवंडायला गेलो, पण स्टेनलेस कसलं दाद देतंय! लाकडी मुठीवर दोरा गुंडाळून चामडं शिवलं, त्यात सुई दोनदा बोटात घुसली.

आता ती भिंतीवर, घट्ट स्क्रू मारून. भाचा म्हणतो, "मामा, एकदाच दे ना." मी त्याला सळईचा फोटो दाखवतो.