मरळ

नाशिकच्या माणसाने गोदावरीवर लिहायचे म्हणजे रामकुंडावर लिहावे, सिंहस्थावर लिहावे, असा संकेत आहे. मी मात्र मरळ नावाच्या माशावर लिहिणार आहे. आमची त्याची गाठ पडते ती शहराच्या पश्चिमेला, गंगापूरच्या धरणावर.

हे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. भिंतीपाशी पाणी खोल आहे. पण फुगवट्याच्या टोकाला ते उथळ होत होत गवतात शिरते. ते गवत म्हणजे मरळीचे घर. गळ टाकून तिथे बसणाऱ्या माणसाला लोक रिकामटेकडा समजतात. त्यांना मी एका राजाचे नाव सांगतो. चालुक्यवंशीय तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘मत्स्यविनोद’ हे गळाच्या मासेमारीवरचे प्रकरण आहे. दख्खनच्या राजाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते शाळामास्तराला का वाटावे?

मरळीचे डोके सापासारखे, अंग गोल आणि लांबट. कल्ल्यांच्या वर तिला एक पोकळी असते आणि तिच्यात ती बाहेरची हवा भरून घेते. त्यामुळे ती ओलसर भांड्यात तासन्‌तास जिवंत राहते, बाजारात जिवंतच विकली जाते आणि भावही चांगला मिळवते. पण याच देणगीचे एक ओझे आहे. वर येऊ दिले नाही, तर ही मासळी पाण्यातच गुदमरून मरते! म्हणून तिला थोड्या थोड्या वेळाने तोंड वर काढावेच लागते. गळवाला त्या बुडबुड्यावर नजर ठेवून असतो. तिथे बेडकीचे आमिष हलकेच ओढीत न्यायचे. पाणी फाटल्यासारखा आवाज होतो, दोरी ताणते आणि मरळ गवतात घुसते. पुढचे सारे मनगटावर.

पावसाळ्यात मात्र हा खेळ बदलतो. रोहू, कटला हे मासे पुराच्या पाण्यात लाखांनी अंडी सोडतात आणि मागे वळून पाहत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन अशा माशांकडून अंडी घेण्यात यश मिळवले, तेव्हापासून त्यांच्या पिलांचे संगोपन माणसानेच अंगावर घेतले. धरणात सोडतात त्या बोटुकल्या अशाच वाढवलेल्या. मरळ हे काम कोणावर सोपवीत नाही. गवत बाजूला सारून ती घरटे करते. पिले तांबूस रंगाची. ती थव्याने श्वासाला वर येतात, तेव्हा पाण्याला आतून पाऊस लागल्यासारखे दिसते. त्या थव्याखाली आईबाप पहारा देत असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. बेडूक असो, गळ असो. मग मरळ धरायला कसब लागत नाही.

एकदा असा तांबडा थवा दिसला, तेव्हा शेजारी एक वृद्ध भोई बसले होते. ते म्हणाले, “गुरुजी, गळ काढून घ्या. ती भुकेपायी नाय येत, लेकरांपायी येते.”

“बाबा, तुम्ही कधी मारली नाहीत?”

“मारली की. घरात पीठ नव्हतं तवा मारली. हौसेला कशाला मारू?”

यावर वाद घालता येतो. मरळ बोटुकल्या फस्त करते, म्हणून मत्स्यशेती करणारे तिच्यावर नाराज असतात. तिची ती गोजिरवाणी पिलेही मोठी होताना एकमेकांना खातात. तेव्हा तिला वात्सल्याची मूर्ती करून बसवण्यात अर्थ नाही. पण आईबाप उचलले, की तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो, हेही खरे. आणि बाबांच्या घरातले पीठ व माझी रविवारची सुटी यांना एकाच तागडीत घालणे मला जमत नाही.

म्हणून आषाढ-श्रावणात माझा गळ खुंटीला असतो. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते. पिले आपापल्या वाटेने गेलेली असतात आणि मरळ गळाकडे येते ती केवळ भुकेने. तेव्हा आमची बरोबरी होते. आणि बहुतेक वेळा आमिष खाऊन तीच निघून जाते.