भूकंप ऑन डिमांड

लोक सिनेमे डाउनलोड करतात, मी भूकंप करतो. म्हणजे भूकंपाच्या नोंदी. त्यातल्या बऱ्याच तर कुठल्याही यंत्राने कधी नोंदवलेल्याच नसतात! पार्टीत हे सांगितलं की समोरचा हळूच स्टार्टर्सच्या दिशेने सटकतो. आई पाहुण्यांना अजून ‘तो कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते. बरं आहे.

तर झालं असं, की 2015 साली अमेरिकेतल्या ‘आयरिस’ या भूकंपशास्त्राच्या संस्थेने ‘सिंजिन’ नावाची ऑनलाइन सेवा सुरू केली. (2023 मध्ये आयरिस ‘अर्थस्कोप’मध्ये विलीन झाली.) भूकंप कुठला, यंत्र कुठे आणि पृथ्वीचं मॉडेल कोणतं, एवढं टाइप करायचं. थोड्याच वेळात लहरींची फाइल हजर. पिझ्झाहून फास्ट! कारण स्वयंपाक आधीच झालेला. लहरी पृथ्वीच्या पोटातून कशा धावतील याचं किचकट गणित आधीच करून साठवलेलं असतं, आपल्या ताटात फक्त वाढायचं. मॉडेलमधली पृथ्वी कांद्यासारखी, थरावर थर. त्यातलं 1981 चं मॉडेल सगळ्यात गाजलेलं, नाव ‘प्रेम’. आद्याक्षरं आहेत हो ती, हसू नका.

खोट्या नोंदी कशाला, असा प्रश्न येतोच. खऱ्या नोंदीशेजारी ठेवायला! खरी लहर कांद्याच्या हिशेबापेक्षा दोन सेकंद उशिरा पोहोचली, तर वाटेत कुठेतरी खडक वेगळा आहे. पृथ्वीचं पोट असंच वाचतात.

मजा म्हणून मी एकदा 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप घेतला आणि यंत्र ‘ठेवलं’ पुण्यात, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. अंतर साधारण 300 किलोमीटर. पाऊण मिनिटाने पहिली लहर, मग अर्ध्या मिनिटाने दुसरी. घरी सांगितलं, तर औशाच्या मामाचा फोन आला. ‘‘आमच्याकडं त्या रात्री किती हललं, तेवढं काढून दे की.’’

मामाचं माळवदाचं घर त्या पहाटे 3.56 ला बसलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गाव दमून झोपलेलं. त्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली.

आणि मामाला हवं होतं नेमकं तेच या सेवेत मिळत नाही, राव. तिच्यातली सगळ्यात बारीक लहरसुद्धा या कामाला फार लांब. दगडमातीच्या जाड भिंती सेकंदाला कितीतरी वेळा थरथरतात, त्या थरथरीतच त्या फुटतात. शिवाय कांद्याच्या मॉडेलला मामाच्या घराखालची काळी माती माहीतच नाही. हजार किलोमीटरवरच्या लहरीसाठी हे उत्तम आहे. मामाच्या ओसरीसाठी नाही.

खरी नोंद असती तर प्रश्नच नव्हता. 11 डिसेंबर 1967 ला कोयना हादरलं तेव्हा धरणातच यंत्र होतं. ती नोंद जगभरचे धरण-इंजिनिअर अजून वापरतात. किल्लारीच्या मुख्य धक्क्याच्या वेळी जवळपास तसं यंत्र नव्हतं. नंतर संशोधकांनी तिथे यंत्रं नेली, त्यांनी मागाहून आलेले छोटे धक्के टिपले. मोठ्याचा अंदाज बांधायचा तो त्या छोट्यांवरून.

मामाला मी तसाच एक आलेख काढून दिला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘‘हे खरंय?’’ ‘‘अंदाज आहे, मामा.’’ ‘‘मग तसं लिही त्याच्यावर.’’

तेव्हापासून बनवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे मी ‘अंदाज’ लिहितो. क्लायंटला खटकतं, रिपोर्ट कच्चा वाटतो म्हणे. परवाच एकाने तो शब्द काढायला सांगितला. मी नाही काढला.