घरातला राखणदार

आमच्या हरमलात राखणदार गावच्या सीमेवर असतो. त्याला रोट आणि केळी दिली की तो आपल्या वाटेने जातो; कुणाच्या घरात शिरून भांडी उघडून पाहत नाही. आमच्या संगणकाचे राखणदार मात्र तसे नव्हेत!

हा संगणक बाबांनी काजूच्या हंगामातल्या पैशांतून, जुनाच घेतला. रॅम अवघी 4 जीबी. दादाने भीतीपोटी त्यावर एक सोडून दोन अँटीव्हायरस बसवले आणि यंत्राला वार्धक्य आले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची रात्र, आणि महाशयांनी सारी डिस्क तपासायला काढली! संतापून मी राखणच बंद केली. अर्ज गेला, मी विजयी!

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह लावला. फोल्डर गायब, जागेवर नुसते शॉर्टकट. एक उघडला मात्र, रोग संगणकात शिरला. 1986 साली लाहोरचा 'ब्रेन' फ्लॉपीवरून जगभर फिरला होता. हा पेनड्राइव्हवरून हरमलला पोचला. नशीब, फायली नुसत्या लपल्या होत्या.

कॉलेजातल्या सरांनी उलगडा केला. उघडलेली प्रत्येक फाईल अँटीव्हायरस विषाणूंच्या ज्ञात खुणांशी ताडून पाहतो; इथे एकाच फाईलची दोघे झडती घेत होते. एक काढला. पूर्ण तपासणी दुपारच्या जेवणाच्या वेळी नेमली.

आता यंत्र धावत नाही, पण चालते. राखणदाराला हाकलायचे नसते, त्याची वेळ नेमून द्यायची असते. गावाला हे केव्हाचे ठाऊक होते. मला अर्ज भरून झाल्यावर कळले.