नळीची लांबी

पाटण तालुक्यात आमच्या पुतण्याची चार एकर शेती आहे. वरच्या अंगाला कोयनेचे रान आणि खालच्या अंगाला ऊस. गेल्या पावसाळ्यात रानडुकरांनी त्याचा भुईमूग एका रात्रीत उकरून काढला, तेव्हा त्याने आम्हांस विचारले, “काका, परवाना काढून रायफल घ्यावी म्हणतो. नळी किती लांब असावी? जो तो सांगतो, नळी लांब तेवढा मार लांब.” प्रश्न साधा होता, पण उत्तर देण्यापूर्वी आम्ही बराच वेळ गप्प बसलो. बंदुकीच्या नळीच्या लांबीशी आमची ओळख जुनी आहे, आणि ती सुखाची नाही.

साधारण १९६६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आमचे थोरले मामा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, जतच्या बाजूला राहत. त्या काळी मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी कायद्याखाली परवाना काढून शिकार करता येई. मामांजवळ एक विलायती रायफल होती. नळी पुरती सव्वीस इंच. जतच्या उघड्या माळावर ती रायफल शोभत असे. झाड नाही, झुडूप नाही; जनावर दीडशे-दोनशे पावलांवर उभे. मामा मांडी घालून बसत, कोपर गुडघ्यावर टेकवीत आणि मगच चाप ओढीत. त्यांचा नेम चुकलेला आम्ही तिथे पाहिला नाही.

पुढच्या वर्षी मामा आमच्याकडे आले, आणि गावकऱ्यांनी डुकरासाठी हाका काढला. हाकेकरी वरून आरोळ्या देत उतरत होते. मामा घळीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीआड उभे होते आणि आम्ही त्यांच्या पाठीशी. डुक्कर समोरून येईल असा सर्वांचा अंदाज. ते निघाले डावीकडून, पंधरा पावलांवर. मामांनी रायफल वळवली आणि नळीचे तोंड जाळीत अडकले. त्यांनी ती हिसडून सोडवली खरी, परंतु तोवर जनावर पाठमोरे झाले होते. गोळी पोटात लागली. रक्ताचा माग संध्याकाळपर्यंत काढला. अंधार पडताना तो उसात हरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उसात वैरणीला गेलेल्या एका बाईला त्या जखमी जनावराने मांडीत सुळा मारला. ती वाचली, पण पुढे आयुष्यभर काठी टेकीत चालली. डुक्कर तिसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेले सापडले. मामांनी त्या बाईच्या औषधपाण्याचा सारा खर्च केला. माळावर ते रायफल वापरीत राहिले; आमच्या रानात मात्र त्यांनी ती पुन्हा कधी आणली नाही.

पुढे या विषयावरचे जे वाचावयास मिळाले ते आम्ही वाचीत गेलो. दारू पेटली की तिच्या वायूचा दाब गोळीला नळीभर ढकलीत नेतो. म्हणून नळी लांब असली की गोळीचा वेग वाढतो, हे खरेच. पण किती वाढतो? हरिण-डुकराएवढ्या जनावरांसाठी ज्या रायफली वापरल्या जातात, त्यांत नळी एक इंचाने कमी केली तर वेग सेकंदाला सुमारे पंचवीस फुटांनी घटतो. मूळ वेग सत्तावीसशे फुटांच्या आसपास धरला, तर चोवीस इंचांची नळी बावीस इंचांवर आणल्याने शेकडा दोन इतकाही तोटा होत नाही. पन्नास पावलांवरच्या डुकराला तो फरक कळणारही नाही.

लांब नळीने नेम आपोआप अचूक होतो, ही समजूतही खरी नाही. उलट सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांत आखूड नळी अधिक ताठ असते. लांब नळीचा खरा फायदा निराळा आहे. माशी आणि मागची खाच यांतील अंतर वाढते, त्यामुळे उघड्या डोळ्यांनी नेम धरताना चूक कमी होते. शिवाय पुढे वजन असल्याने हात स्थिर राहतो. दुर्बीण बसवली की यांतला पहिला फायदा उरत नाही. आखूड नळी चटकन वळते, जाळीत अडकत नाही. परंतु तिचा आवाज कानाजवळ फुटतो आणि रात्री तिच्या तोंडची आग डोळे दिपवते. इंग्रजांच्या फौजेलाही हे कोडे सोडवावे लागले. त्यांच्या पायदळाची जुनी ली-एन्फील्ड रायफल तीस इंचांहून अधिक नळीची होती, तर घोडेस्वारांची फार आखूड. विसाव्या शतकाच्या आरंभी दोघांसाठी मिळून सव्वापंचवीस इंचांच्या आसपासची एकच नळी ठरली.

म्हणजे जतच्या माळाला चोवीस-सव्वीस इंच आणि पाटण-शिराळ्याच्या रानाला वीस-बावीस इंच, असे आमचे उत्तर झाले असते. पण काळ बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. कोयना व चांदोली ही १९८५ साली अभयारण्ये झाली, चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. सांबर-भेकरांवर बंदूक रोखण्याचा प्रश्नच उरलेला नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुकरालाही कायद्याचे संरक्षण आहेच. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी हवी, आणि मेलेले जनावर सरकारचे.

शस्त्रांच्या कायद्यातही नळीची लांबी लिहिलेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९५९ च्या कायद्याचे तेरावे कलम शेतीच्या राखणीसाठी मुख्यतः ठासणीची बंदूक धरते. आणि संरक्षणासाठी आटे नसलेल्या साध्या नळीची बंदूक, जिची नळी वीस इंचांहून कमी नसावी. रायफलीची गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते. उसात आणि बांधावर माणसे असतात, तिथे शेतकऱ्याच्या हाती कमी पल्ल्याचे हत्यार द्यावे, यात शहाणपण आहे.

हे सारे आम्ही पुतण्याला सांगितले आणि एक काम दिले. “बंदुकीच्या पूर्ण लांबीचा एक बांबू काप. चोवीस इंचांच्या नळीची रायफल दस्त्यासकट सुमारे चव्वेचाळीस इंच भरते. तो खांद्याला लावून तुझ्याच उसाच्या सरीत आणि बांधावरच्या करवंदीत दोन रात्री फिर. कुठे अडकतो ते बघ. आणि प्रत्येक वेळी नेम धरशील त्याच्या मागे काय आहे, तेही बघ.”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. बांबू सरीत दोनदा अडकला होता. पण तो बोलला ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. “काका, जिकडे नेम धरावा तिकडे मागे कुणाची तरी वस्ती निघते.” मग त्याने विचारले, “ती काठी टेकणारी आजी आपल्याच वाडीतली ना?” आम्ही हो म्हटले. त्या बाईचे नाव आम्ही त्याला प्रथमच सांगितले.

परवान्याचा अर्ज अजून त्याच्या टेबलावर आहे. भरपाईचा अर्ज त्याने वनखात्याकडे दिला आहे, आणि तूर्त रानाच्या अंगाला तो कुंपण घालतो आहे.