चिप जिवंत, बल्ब मेला

दिवाळी अंकासाठी एलईडी बल्बवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि सोबत तक्रारही केली : ‘खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, मग वर्षभरात बल्ब उडतो कसा?’ प्रश्न रास्त आहे. रोज पाच तास दिवा लावला तर २५,००० तास पुरायला साडेतेरा वर्षं लागतील. हमी मात्र बहुधा एक-दोन वर्षांचीच मिळते.

उडालेला ९ वॅटचा बल्ब उघडला, तर दुधी टोपीखाली अ‍ॅल्युमिनियमची चकती दिसते. तिच्यावर पिवळ्या चिप एकसर जोडणीत बसवलेल्या असतात. पुष्कळदा त्यातल्या एकीच्याच मधोमध काळा ठिपका आढळतो. बाकीच्या धडधाकट असतात. पण एक तुटली की सगळी माळ विझते. चकतीखाली असतो ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टच्या एसीतून चिपना लागणारा स्थिर डीसी प्रवाह तयार करणारं सर्किट. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा माथा सपाट असायला हवा. तो फुगलेला दिसला, तर बल्ब आधी लुकलुकत होता का, हे घरच्यांना विचारावं. उत्तर बहुतेकदा ‘हो’ असतं.

दोन्ही ठिकाणी गुन्हेगार एकच, उष्णता. एलईडी गार असतो, हा समज काही केल्या जात नाही. त्याच्या झोतात ऊब नसते, एवढंच खरं. जुना पिवळा बल्ब आपली उष्णता बव्हंशी अवरक्त किरणांवाटे बाहेर फेकायचा. एलईडीची उष्णता चिपच्या बुडातून धातूत आणि धातूतून हवेत जावी लागते. पीओपीच्या छतात किंवा बंद काचेच्या ग्लोबमध्ये ही वाटच बंद होते. कपॅसिटरमधला द्रव हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, ८५ला मात्र ८,०००च.

मग ते २५,००० तास येतात कुठून? ड्रायव्हरच्या रचनेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला इथेच राग येतो. एलएम-८० या पद्धतीनुसार चिप ठरावीक तापमानात किमान ६,००० तास पेटत्या ठेवून उजेडाची घट मोजतात. टीएम-२१च्या गणिताने ती घट पुढे, चाचणीच्या फार तर सहापट तासांपर्यंत ताणतात. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे ‘आयुष्य’. या हिशेबात ड्रायव्हर कुठेच नसतो. चिपचे तास अख्ख्या बल्बच्या नावावर खपवले, तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटणारच.

कंपन्या मुद्दाम लवकर उडणारे बल्ब बनवतात, असं बरेच जण ठामपणे सांगतात आणि दाखला देतात फीबस कार्टेलचा. तो इतिहास खरा आहे. १९२४मध्ये ओसराम, फिलिप्स आदी उत्पादकांनी जिनिव्हात संगनमत करून बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंडही होई. आजच्या एलईडीला तसं संगनमत लागत नाही, किमतीची चढाओढ पुरते. एलईडी बल्बच्या सरकारी ‘उजाला’ योजनेत बल्बचा खरेदीदर ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. घाऊक खरेदीची ती मोठी कामगिरी होती आणि कोट्यवधी घरांचं वीजबिल त्यामुळे उतरलं, याचा अभिमान वाटतो. पण खुल्या बाजारात एकेक रुपयासाठी झगडताना कारखानदार चिपची संख्या घटवून प्रत्येकीतून जास्त प्रवाह सोडतो, अ‍ॅल्युमिनियम पातळ करतो.

उलटंही करता येतं. फिलिप्सने २०१६मध्ये दुबईसाठी ‘दुबई लॅम्प’ आणला. त्यात चिप जास्त आणि प्रत्येकीतला प्रवाह कमी. म्हणून ती तापते कमी आणि वॅटमागे २०० ल्युमेनपर्यंत उजेड देते. तंत्र उपलब्ध आहे, अडतं ते किमतीपाशी.

वीजपुरवठ्याचा वाटाही मोठा आहे. खेड्यात रात्री शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. न्यूट्रलची तार सुटली तर घरात २३०च्या जागी ४००च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. विजेच्या क्षणिक झटक्याला अडवणारा एमओव्ही हा छोटासा भाग स्वस्त बल्बातून सर्रास गाळलेला असतो. असला, तरी तार सुटल्यावर येणारं असं सततचं व्होल्टेज त्यालाही पेलत नाही. तिथे वायरमनलाच बोलवावं लागतं.

बल्ब घेताना खोक्यावर २.५ किंवा ४ केव्ही सर्जसंरक्षणाचा उल्लेख पाहावा आणि बंद ग्लोबमध्ये कमी वॅटचा बल्ब लावावा. खरी सुधारणा मात्र छापील मजकुरात व्हायला हवी : ड्रायव्हर किती तापमानाला किती तास टिकतो, हा आकडा चिपच्या तासांशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं करावं.