वेळेला केळं

उद्याची कामं आदल्या रात्रीच लिहून ठेवावीत, सगळ्यांत कंटाळवाणं काम आधी उरकावं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. यातलं काहीच मला खोटं वाटत नाही. लिहिलं की कामं होतात, हा अनुभव आहे. तरी काहीतरी खुपतंय. ते नेमकं काय हे धरायला गेलं की हाताला लागते एक म्हण, जिचा या सगळ्याशी तसा काही संबंध नाही. वेळेला केळं आणि वनवासाला सीताफळ.

नाशिककरांना ही म्हण जरा जास्तच घरची. वनवास आमच्याच गावात झालेला. सीतामाई तपोवनात सीताफळं खात असणार याबद्दल लहानपणी मला तिळमात्र शंका नव्हती. पुढे वाचलं की हे झाड मूळचं अमेरिकेकडचं, आणि पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणलं असं बहुतेक जाणकार मानतात. रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ हे गणगोतही तिकडचंच. म्हणजे अख्खं रामायण समुद्रापलीकडून आलेलं! गंमत म्हणजे पंचवटीतल्या रामेश्वराच्या देवळावरची नारोशंकराची घंटाही पोर्तुगीजच. घंटेवर साल आहे 1721. वसईचा किल्ला मराठ्यांनी 1739 मध्ये घेतला, त्या विजयाची ही खूण. देऊळ 1747 चं. गोदावरीला पूर आला की पाणी या घंटेपर्यंत चढलं का, हे अजूनही जुनी माणसं विचारतात. माझ्या कामांच्या यादीत घंटेचं काय काम, ते मलाही माहीत नाही.

पण म्हण सुटत नाही. केळं वेळेला का मिळतं? कारण त्याला वेळ लावता येते. कच्चे घड रायपनिंग चेंबरमध्ये ठेवायचे, इथिलीन सोडायचा, बाजाराला हवं त्या दिवशी पिवळं. सीताफळाचं तसं नाही. डोळे उघडले, फटींतून पिवळसर पांढरं दिसायला लागलं की ते उतरवतात. मग आमच्याकडे त्याची रवानगी तांदळाच्या डब्यात. सकाळी गॅस पेटवण्याआधी आई कोपरापर्यंत हात तांदळात घालून एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघायची. काल दगड, आज मऊ, आणि उद्या देठापाशी आंबूस पाणी. मऊ लागलं ते त्याच दिवशी, ज्याला भूक असेल त्यानं खायचं. दिवाळीला पाहुणे येईपर्यंत थांब म्हटलं तर ते थांबत नाही. फ्रीजमध्ये टाकलं तर साल काळी पडते.

तर मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की कामं या फळासारखी असतात. यादी कसली करता, रोज हात घालून बघा कुठलं मऊ झालंय ते.

निफाडकडच्या माझ्या मावसभावाला, दादाला, हे ऐकवलं. त्याची द्राक्षबाग आहे, म्हणून वाटलं त्याला पटेल. तो हसायलाच लागला. “अगं, वाट बघत बसलो तर बाग राहील का?” बागाईतदाराचं कॅलेंडर वेगळंच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि त्यानंतर तारीख नाही, छाटणीपासूनचा दिवस. छाटल्याबरोबर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, म्हणजे सगळे एकदम फुटावेत. मणी बाजरीएवढा, मग ज्वारीएवढा, त्या त्या मापाला घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या द्रावणात बुडवायचे, हेच डिपिंग. दोन दिवस इकडे तिकडे झाले की मण्याची फुगवण गेली. सगळी बाग एकदम छाटली तर डिपिंगला माणसं पुरणार नाहीत, म्हणून प्लॉट मागेपुढे छाटायचे. त्यामुळे दादाला लग्नाची तारीख सांगितली की तो आधी विचारतो, “कुठल्या प्लॉटचा कितवा दिवस येतो?” तो एकाच वेळी तीन-चार निरनिराळ्या दिवसांत जगत असतो आणि कुठेच चुकत नाही. बागलाणात तर काही जण भर पावसाळ्यात छाटतात, माल सगळ्यांच्या आधी बाजारात न्यायला. म्हणजे ज्याला मी निसर्गाच्या वेळेनं चालणारा समजत होते, तोच ऋतूंना धाब्यावर बसवून वेलीला दामटत होता. मी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

आणि मग 26 नोव्हेंबर 2023 सारखा दिवस येतो. निफाड-दिंडोरीकडे गारा पडतात आणि कितव्या दिवसाला काय, याला काही अर्थच राहत नाही. त्यानंतर दादानं दिवस मोजायची वही टाकून दिली असेल असं वाटलं होतं. नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या दिवसापासून आकडे. हा शहाणपणा की सवय, मला ठरवता येत नाही.

डिपिंगला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. बांधावर जेवायला बसलेल्या बायकांना एकदा विचारलं, आज कितवा दिवस. एकीनं सांगितला तो घर सोडल्यापासूनचा. दादाच्या वहीत हा आकडा कुठे बसतो? माझी रात्रीची यादीही धुण्याभांड्याच्या मावशी नऊला येतात हे धरूनच लागते. नऊला इथे पोचण्यासाठी त्या घरचं काय मागेपुढे करतात, हे विचारायचं मनात आहे. पण नऊला त्याही घाईत असतात आणि मीही.