सम कोठें आली?

गाण्याच्या बाबतींत आम्ही स्वतःस मोठे सोंवळे समजत आलों आहों. तीस वर्षें कॉलेजांत शेक्स्पीअर आणि वर्ड्स्वर्थ शिकविण्यांत घालविलीं, पोटाचा धंदा सगळा इंग्रजीवर चालविला; परंतु संध्याकाळीं घरीं येऊन हातपाय धुतले, कीं कान अस्सल स्वदेशी. यमन, पूरिया, मारवा यांखेरीज दुसऱ्या कशासहि त्या वेळीं आमच्या घरांत थारा नसे. विलायती वाद्यवृंदाविषयीं कोणीं मत विचारलें तर आम्ही 'ठीक आहे' एवढें म्हणत असूं. जॅझविषयीं विचारलें तर तेवढेंहि नाहीं. विद्यार्थिदशेंत मुंबईस असतांना धोबीतलावच्या रंगभवनावरून आमचें नेहमीं जाणेंयेणें असे. निरंजन झवेरी यांनीं १९७८ सालीं 'जॅझ यात्रा' सुरू केली ती याच उघड्या नाट्यगृहांत, आणि पहिल्याच यात्रेस सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक येऊन गेला होता. यात्रेची रांग दिसली कीं आम्ही रस्त्याची बाजू बदलीत असूं. असल्या मनुष्यास वयाच्या ५६ व्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नाट्यगृहांत जॅझ ऐकावयास नेऊन बसविलें तर त्याची जी अवस्था व्हावी, ती गेल्या उन्हाळ्यांत आमची झाली. नेणारी आमची मुलगी होती, त्यामुळें रस्त्याची बाजू बदलण्याची सोय नव्हती.

तिकडचा उन्हाळा मोठा चमत्कारिक. आपल्याकडे आषाढ लागून छपरें गळूं लागलेलीं असतात, आणि तेथें महिनोन्‌महिने पावसाचा एक थेंब नाहीं. दुपारीं ऊन चांगलें चटकतें. पण दिवस कलतांच समुद्राकडून असा गार वारा सुटतो कीं शालीवांचून बाहेर बसवत नाहीं. विद्यापीठाच्या पिवळसर दगडी कमानी आणि तांबडीं कौलें त्या उतरत्या उन्हांत फार शोभतात. सुटीमुळें तेथें शुकशुकाट असेल ही आमची कल्पना. परंतु १९७२ सालीं जिम नडेल नांवाच्या सॅक्सोफोनवादकानें येथें जॅझची एक उन्हाळी कार्यशाळा सुरू केली, ती अद्याप चालू आहे. पाठीवर स्वतःपेक्षां मोठ्या वाद्याची पेटी घेतलेलीं बारा-चौदा वर्षांचीं मुलें दिवसभर कमानींखालून धांवत असतात, आणि रात्रीं त्यांचेच शिक्षक रंगमंचावर येऊन तिकीट लावून वाजवितात. १९८० नंतरच्या दशकांत स्टॅन गेट्झसारख्या वादकानें येथें शिकविलेलें आहे. दुपारीं ज्या गुरूनें चूक काढली, तो रात्रीं स्वतः काय करतो हें पाहावयास तींच मुलें पुढल्या रांगांत बसलेलीं असतात. आम्ही प्राध्यापक या दृष्टीनें मोठे सुरक्षित. आम्हांस वर्गांत सॉनेट समजावून द्यावें लागतें, संध्याकाळीं लिहून दाखवावें लागत नाहीं.

डिंकलस्पील सभागृह सुमारें सातशें खुर्च्यांचें आहे. पहिल्या दिवशीं पियानो, ड्रम, सॅक्सोफोन आणि काँट्राबास, म्हणजे मनुष्याहून उंच असें तें उभें तंतुवाद्य, एवढीच सामग्री होती. वादन सुरू झालें आणि आम्ही जित्याच्या खोडीप्रमाणें सम शोधूं लागलों. समेवर मान गेली नाहीं तर बैठकीस आल्याचा उपयोग काय? परंतु सम कांहीं सांपडेना. ड्रमवाला सम तेवढी वगळून बाकी सर्व ठिकाणीं वाजवीत आहे, असा आमचा ग्रह झाला. पुढें लोक टाळीनें ठेका धरूं लागले, तेव्हां आम्हींहि सौजन्य म्हणून धरला. लोकांची टाळी पडे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आमची पहिल्या आणि तिसऱ्या. सारें सभागृह एका बाजूस आणि पुण्याचा एक प्राध्यापक दुसऱ्या, अशी ती लढत थोडा वेळ चालली. मग शेजारच्या वृद्ध बाईंनीं आमच्याकडे अशा कनवाळू मुद्रेनें पाहिलें कीं आम्हीं हात शालीखालीं घेतले. थोड्या वेळानें सॅक्सोफोनवाला थांबला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कार्यक्रम संपला असें समजून आम्ही उठूं लागलों. मुलीच्या आईनें बाही ओढून खालीं बसविलें. चीज अजून अर्धीहि झाली नव्हती. तिकडे ज्याचें त्याचें वादन संपलें कीं तेथल्या तेथें त्याला टाळ्या देण्याची रीत आहे.

मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें अंधारांत आपला हात आमच्या गुडघ्यावर उताणा ठेवला आणि आंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर नेला. चार मात्रा झाल्या कीं आंगठा एक पेर वर चढे. तीन पेरें आणि टोंक मिळून एका बोटाचे चार खंड. दोन बोटें झालीं कीं आठ खंडांचें एक कडवें पुरें होई. पुढल्या दोन बोटांवर तेंच कडवें पुनः आलें. मग करंगळीवर परत येतांच तिनें आम्हांस कोपरानें किंचित् ढोसलें, आणि खरोखरच पियानोचे स्वर बदलले.

"ह्याला ब्रिज म्हणतात, बाबा. पूल."

"म्हणजे अंतरा."

"तसंच थोडंसं. आतां परत पहिलं येईल, बघा."

आणि तें आलें. बत्तीस खंड, म्हणजे १२८ मात्रांचें आवर्तन झालें! आरंभीं गाण्याची चाल सर्वांनीं मिळून एकदां सांगावयाची. मग चाल सोडून द्यावयाची, पण तिची चौकट सोडावयाची नाहीं. त्या चौकटींत ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणें एकानें तीन आवर्तनें, दुसऱ्यानें पांच, असें वाजवीत जावें, आणि शेवटीं सर्वांनीं पुनः चालीवर यावें. काँट्राबासवाला आपला सारखा एका गतीनें चालत असतो. सारंगीवाला स्वतंत्र तबल्यामागें लेहरा धरतो तसें त्याचें काम. ड्रमवाला सम वगळीत नव्हता. ती सर्वांस ठाऊक आहे असें गृहीत धरून तो भोंवतीं खेळत होता. आमच्याकडचे तबलजी तरी दुसरें काय करतात? गर्श्विनच्या 'आय गॉट ऱ्हिदम' या १९३० सालच्या गाण्याच्या चौकटीवर पुढल्या वादकांनीं किती तरी नव्या चिजा बांधल्या आहेत, हेंहि तिनें मध्यंतरांत सांगितलें. आम्ही ऐकत होतों. पण लक्ष तिच्या आंगठ्याकडे होतें. पेरांवर मोजण्याची ही रीत तिला आम्हींच शिकविली होती.

सातव्या वर्षीं आम्हीं तिला ख्यालाच्या शिकवणीस घातलें. तीनतालाच्या सोळा मात्रा चार बोटांच्या सोळा जागांवर कशा बसतात, हें याच आमच्या गुडघ्यावर बसून ती शिकली. आठ वर्षें ती नेमानें शिकली. गळा चांगला होता, हें आम्ही बाप म्हणून सांगत नाहीं, तिच्या गुरुजींनीं सांगितलेलें सांगतों. पंधराव्या वर्षीं तिच्या मामानें तिला एक लहानसा कॅसिओ आणून दिला. एके दिवशीं आम्ही कॉलेजांतून आलों तों ही यमनांतली बंदिश गात आहे आणि डाव्या हातानें त्या कॅसिओवर तीन-चार स्वर एकदम दाबून धरीत आहे. खालचे स्वर बदलत, तसतसा तोच गंधार निराळा दिसे. आज आम्हांस असें लिहितां येतें, त्या दिवशीं आम्ही दारांतूनच म्हणालों, "हे असले चाळे या घरांत चालणार नाहींत."

तिनें विचारलें, "पेटी चालते, मग हें कां नाहीं?"

याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. पेटी युरोपांतून आली. बालगंधर्वांच्या नाटकांत जो ऑर्गन वाजे, त्याच्या आठवणीनें आमच्या वडिलांचे डोळे भरून येत, तो तर जातीचाच ख्रिस्ती. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, ती पुढें कैक वर्षें उठविली नाहीं. हें सांगतांना आम्ही त्या बंदीची नेहमीं थट्टा करीत असूं. हें सर्व ठाऊक असून आम्हीं तो कॅसिओ माळ्यावर टाकला. तिनें त्यानंतर गाणेंच टाकलें. रडली नाहीं, भांडली नाहीं. गुरुवारीं शिकवणीची वेळ झाली तेव्हां वही उघडून गणितें करीत बसली. 'दहावीचें वर्ष आहे' असें चार लोकांस सांगून आम्हींहि वेळ मारून नेली.

त्या खुर्चींत बसून आमच्या मनांत आलें, कीं हें जॅझ तरी येथवर सरळपणें कोठें आलें आहे! न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्तींत जन्मलेलें, दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत वाढलेलें हें गाणें. त्याला कॉलेजाची पायरी चढणें सोपें गेलें नाहीं. टेक्ससमधील एका शिक्षक-महाविद्यालयानें १९४७ सालीं या विषयाची पदवी प्रथम काढली, तेव्हां तिचें नांव 'नृत्यवाद्यवृंद' ठेवलें. जॅझ हा शब्द पदवीपत्रकावर लिहिण्याजोगा नव्हता. डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाची पत्नी आयोला हिनें कॉलेजांकॉलेजांस पत्रें लिहून नवऱ्याचे कार्यक्रम ठरविले, आणि १९५४ सालीं 'जॅझ कॉलेजांत जातें' अशा अर्थाच्या नांवाची त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. हाच ब्रूबेक १९५८ सालीं मुंबईस येऊन वाजवून गेला. आमच्याकडे तरी निराळें काय झालें? विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, भातखंड्यांच्या खटपटीनें १९२६ सालीं लखनौस कॉलेज निघालें, आणि कोठ्यावरचें गाणें सभ्य गृहस्थांच्या मुलींस शिकतां येऊं लागलें. उपकार थोर, यांत शंका नाहीं. आमची मुलगी शिकली ती त्यामुळेंच. पण ज्या बायकांनीं तें गाणें सांभाळलें त्यांस त्या शाळेच्या दारांत कितपत जागा मिळाली? आणि स्टॅनफर्डच्या त्या सभागृहांतहि आमच्या आसपास गोरीं पिकलीं डोकींच अधिक होतीं. सभ्यपणाची ही शिवाशिव पुढें घराघरांत उतरते आणि माळ्यावर जाऊन बसते.

दोन आठवड्यांनीं आम्ही पुनः गेलों, आणि या वेळीं आपण होऊन गेलों. कार्यक्रमपत्रिकेवर 'विश्वसंगीत' असें होतें. या शब्दाची आम्हांस थोडी मौज वाटते. स्वतःचें सोडून उरलेलें तें विश्व, असा त्याचा अर्थ दिसतो. सॅक्सोफोन, काँट्राबास आणि तबला असा मेळ होता. असल्या मेळाची आतां कोणास नवलाई राहिलेली नाहीं. १९७५ च्या ५ जुलै रोजीं लाँग आयलंडवरील एका कॉलेजांतच जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या 'शक्ति'चें पहिलें मुद्रण झालें, त्यालाहि पन्नास वर्षें होऊन गेलीं. झाकिर हुसेन तर याच सॅन फ्रान्सिस्कोच्या टापूंत अर्धें आयुष्य राहिले, आणि २०२४ च्या डिसेंबरांत त्याच शहरीं वारले. त्या रात्रीं तबल्यावर पहिली थाप पडली तेव्हां पुष्कळांस त्यांची आठवण झाली असावी, कारण सभागृह एकदम शांत झालें.

रूपक सुरू झाला. योगायोगानें शेजारीं त्याच वृद्ध बाई होत्या. सात मात्रांत त्यांची टाळी दोनदां हुकली, आणि त्यांनीं आमच्याकडे वळून हळूच विचारलें, यांत 'एक' कोठें आहे? आतां आमची पाळी होती. आम्हीं हात पुढें करून त्यांस दाखविलें: ही पहिली, येथें टाळी नाहीं, नुसता हात उलटा करावयाचा, टाळी चौथीवर आणि सहावीवर.

"म्हणजे पहिलीच मात्रा रिकामी?" बाईंनीं विचारलें.

आम्ही होय म्हणालों. त्यांनीं दोन-तीन आवर्तनें हात उलटून पाहिला, मग जमलें, आणि तबल्याची तिहाई त्या रिकाम्या जागेवर येऊन पडली तेव्हां लहान मुलीसारख्या हंसल्या. पलीकडून आमची मुलगी हें सर्व पाहत होती. तिचाहि आंगठा चालूच होता.

मुलीचें बिऱ्हाड खाडीपलीकडे फ्रीमाँट येथें आहे. परत जातांना ती मोटार हांकीत होती, तिची आई मागें झोंपली होती. जें विचारावयाचें तें बऱ्याच दिवसांपासून मनांत होतें. तें अंधारांत, समोर पाहत विचारणें सोपें गेलें.

"तूं आतां कधीं गात नाहींस?"

"नाहीं." मग थोडें थांबून म्हणाली, "मोजते मात्र. कांहींहि लागलं कीं मोजते."

"तो कॅसिओ अजून माळ्यावर आहे."

"माहीत आहे. मी मागच्या खेपेस बघितला. चालत नाहीं."

आणखी कांहीं बोलावें असें आम्हांस वाटत होतें. वाक्यहि जुळविलेलें होतें. परंतु तिनें हात पुढें करून गाणें लावलें: पियानो, काँट्राबास, ड्रम, आणि एका बाईचा किंचित् घोगरा आवाज. आम्हीं आंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवला. पहिलें कडवें नीट गेलें. दुसऱ्यांत, तिसऱ्या बोटाच्या मधल्या पेराशीं, आम्ही चुकलों. सरळ मागें जाऊन पुनः धरूं पाहिलें, तें जमेना. रस्ता वळला आणि दोन्ही बाजूंस खाडीचें काळें पाणी दिसूं लागलें.

"बाबा," ती म्हणाली, "पूल आला."